बंदूक कुणाची, परवाना कुणाचा? : वाचकांचे प्रश्न

शस्त्र परवाना, स्वसंरक्षण आणि परदेशातले नियम यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं गाळली आहेत. चालू खटल्याबद्दल विचारणाऱ्यांनी मात्र वकीलच गाठावा.

वडील वारले. त्यांच्या नावावर पीक संरक्षणाची ठासणीची (नळीच्या तोंडातून बारूद ठासून भरायची) बंदूक होती, ती अजून माळ्यावर आहे. मी थोरला मुलगा, म्हणून ती आपसूक माझी झाली असं गावात सांगतात. रानडुकरांचा त्रासही फार आहे. काय करू? — कुडाळ

गावात सांगतात ते अर्धंच खरं आहे. बंदूक ही वस्तू म्हणून वारसांची होते, पण ती जवळ बाळगण्याचा हक्क वडिलांच्या परवान्याबरोबर संपला. आज ती तुमच्या माळ्यावर असणं म्हणजे कायद्याच्या लेखी विनापरवाना ताबा. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षांची शिक्षा आहे. पोलीस लगेच दारात येतील असं नाही, पण भावकीत वाद झाला की पहिली तक्रार याच बंदुकीची जाते.

कागदांच्या आधी बंदूक बघा. ठासणीची बंदूक वर्षानुवर्षं भरलेली राहू शकते आणि बाहेरून ते कळत नाही. बारूद कोरडी असेल तर जुना बारही उडतो. नळीचं तोंड माणसांपासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्या बाजूला धरा. घोड्याखाली टोपी, म्हणजे बार पेटवणारी छोटी वाटी, आहे का पाहा. असली तर ती काढायला घोडा आपण उचलू नका, जाणकाराला बोलवा. टोपी नसेल तर लाकडी गज नळीत अलगद टेकेपर्यंत सोडा, तोंडापाशी बोटाने खूण धरा आणि गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या बाजूला लावून बघा. गजाचं टोक टोपीच्या जागेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडेच अडलं तर आत बार आहे. गज ठोकू नका, चाप ओढून ‘मोकळी’ करू नका, पाणी ओतून ‘निकामी झाली’ असंही समजू नका. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला घरी बोलवा किंवा पोलीस ठाण्यात कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे न्या.

मग शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर नळीवरचा नंबर, बंदूक कुणी बनवली ते आणि कुंद्याची (लाकडी दस्त्याची) अवस्था लिहून घ्या, जमा करताना फोटो काढा. ठाण्याच्या गोदामात दमट हवेने नळी गंजते आणि कुंद्याला वाळवी लागते, म्हणून आधी तेलाचा हात फिरवून जाड कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत घाम धरतो.

पुढे वारस म्हणून परवान्याचा अर्ज. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, वडिलांचं मूळ परवाना पुस्तक, जमा पावती, सातबारा आणि बाकीच्या सगळ्या वारसांची संमती. प्रकरणं अडतात ती या शेवटच्या कागदावर. लग्न होऊन मुंबईला गेलेल्या बहिणीची सही राहिली की फाईल सहा-सहा महिने हलत नाही. परवाना नकोच असेल तर बंदूक विकता येते, पण आधी लेखी सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. घरात असे काका असतील तर आत्ताच हालचाल करा.

आता रानडुकरं. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. जनावर मारायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वन खात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवताना मेलं तर तो गुन्हा नाही, पण तेव्हाही वन खात्याला कळवायचं. मटण वाटून खाल्लं की बचाव संपला. घरातली २३० व्होल्टची वीज कुंपणाला जोडणं तर कधीच नको. त्यात शेजारचा गडी सापडला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. सौर कुंपणाचं यंत्र क्षणभराचे झटके देतं, सलग प्रवाह सोडत नाही. जनावर बिचकतं, मरत नाही.

निवडणूक लागली की बंदुका जमा करण्याच्या नोटिसा येतात. सरसकट सगळ्यांकडून शस्त्रं काढून घेणं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये अमान्य केलं होतं. प्रत्येकाचं प्रकरण छाननी समितीने बघायचं असतं. तुमच्यावर गुन्हा नसेल आणि पीक उभं असेल तर समितीकडे सूट मागणारा अर्ज द्या. जमा केलीच तर निकालानंतर परत आणायला विसरू नका.

माझी सराफी पेढी आहे. रिव्हॉल्व्हरचा परवाना हवा. एजंट म्हणतो, ‘कारण काहीही लिहा, मी बघतो.’ — नाशिक

एजंटला नमस्कार करा. सगळा अर्ज त्या कारणावरच उभा असतो.

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना आयुक्त देतात, बाहेर जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं. नमुना ए-१ मध्ये अर्ज, त्यासोबत ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र कुठे आणि कसं ठेवणार याची हमी. मग स्थानिक ठाण्याची चौकशी: शेजारी, जुने गुन्हे, दारू, घरगुती भांडणं.

‘व्यवसायात रोकड व दागिने असतात’ एवढं वाक्य असलेले अर्ज ढिगाने फेटाळले जातात, कारण ते प्रत्येक सराफाला लागू पडतं. तुमच्याच जिवाला गंभीर धोका आहे हे दिसायला हवं. खंडणीच्या फोनची तक्रार, पाठलाग झाल्याची अदखलपात्र नोंद, आधीच्या दरोड्याचा गुन्हा नोंद क्रमांक, सोनं घेऊन रात्री करावा लागणारा नेमका प्रवास हे तारखांसकट जोडा. एखादा गुन्हा प्रलंबित असेल तर तो लपवू नका. मंजूर झालेला परवानाही माहिती दडवल्याच्या कारणाने कलम १७ खाली रद्द होतो. नकार आला तर कारणं लेखी मागा आणि कलम १८ खाली वेळेत अपील करा.

नागरिकाला सहसा .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मिळतं. ९ मिमी आणि .३८ हे बोअर प्रतिबंधित आहेत, त्यांचा विषय थेट केंद्राकडे जातो. परवाना आता ५ वर्षांचा असतो आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त २ शस्त्रं. तुमचं रिव्हॉल्व्हर दुकानातल्या मुलाने ‘जरा सांभाळायला’ घेतलं तर तुम्ही दोघंही अडकता. परवाना तुमच्या नावाचा आहे, पेढीचा नाही.

एक रोखठोक मत विचाराल तर, दरोडेखोर काउंटरच्या अलीकडे आल्यावर ड्रॉवरमधलं रिव्हॉल्व्हर काढायला कुणाला वेळ मिळत नाही. आतून बटण दाबल्याशिवाय न उघडणारा दरवाजा, किल्ली फिरवल्यावर दहा मिनिटांनी उघडणारी तिजोरी आणि चेहरा दिसेल इतक्या उंचीवर लावलेला कॅमेरा यांवर आधी खर्च करा. बहुतेक दुकानांत कॅमेरा छताला असतो आणि त्यात फक्त टोप्या दिसतात.

घर गावाबाहेर, सोबत म्हातारी आई. रात्री कुणी कडी तोडून आत आला, मी कोयत्याने वार केला आणि तो मेला तर? इंग्लंड-अमेरिकेत म्हणे घरमालकाला कुणी हात लावत नाही. — वाई

आपल्याकडे स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. मजकूर जवळपास तोच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी करून कुणी शिरला तर कलम ४१ प्रमाणे मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क थेट हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोचतो. पण त्यावर कलम ३७ ची वेसण आहे: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला खरोखर वेळ असेल तर हा हक्कच नाही.

तुमच्याच घराचं चित्र धरू. तो कडी तोडून ओटीवर आला, हातात पहार आहे, मधे आईची खाट. इथे वार केलात तर बचाव भक्कम. तो तुम्हाला बघून मागच्या दाराने पळाला, तुम्ही शेताच्या बांधापर्यंत पाठलाग करून पाठीत वार केला. इथे हक्क संपलेला होता; घरफोडीतून झालेला अतिक्रमणाचा प्रकार चालू असेपर्यंतच तो टिकतो. तिसरं, तुम्ही त्याला धरून खांबाला बांधलं आणि मग गावाने मिळून मारलं. याला स्वसंरक्षण म्हणताच येत नाही, तो खून आहे आणि आरोपी पाच-पन्नास. महाराष्ट्रात चोर समजून मारहाणीची प्रकरणं याच तिसऱ्या पायरीवर घडतात.

जीव मुठीत धरलेला माणूस वार तागडीत तोलून करत नाही हे न्यायालयालाही मान्य आहे. पळून जायला हवं होतं असंही न्यायालय म्हणत नाही. दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही तत्त्वं एकत्र मांडली. बचाव सिद्ध करण्याचा भार मात्र तुमच्यावर, फक्त तो ‘संशयातीत’ नसतो. तुमचं म्हणणं अधिक संभाव्य वाटलं तरी पुरतं. म्हणून घटनेनंतर ११२ ला फोन करा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागा. तुटलेली कडी, पहार, रक्ताचे डाग जसेच्या तसे ठेवा. फरशी पुसणं आणि कोयता धुणं या दोन गोष्टींनी चांगला बचाव मातीत जातो. तुमच्या जखमांचीही वैद्यकीय तपासणी करून घ्या.

इंग्लंडबद्दलचा समज चुकीचा आहे. १९९९ मध्ये नॉरफोकमधल्या टोनी मार्टिन या शेतकऱ्याने घरात शिरलेल्या दोघांवर गोळ्या झाडल्या. १६ वर्षांचा मुलगा मेला, त्याला गोळी पाठीत लागली होती. मार्टिनला खुनासाठी जन्मठेप झाली. २००१ मध्ये अपिलात ती मानसिक अवस्थेच्या मुद्द्यावर ५ वर्षांवर आली, स्वसंरक्षणाच्या नव्हे. पुढे २०१३ मध्ये कायदा घरमालकाच्या बाजूने थोडा सैल झाला: बळ ‘अत्यंत अवाजवी’ नसेल तर ते वाजवी ठरू शकतं. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी त्यातही बसत नाही. अमेरिकेत राज्यागणिक चित्र बदलतं. घरात बहुतेक सगळीकडे माघार घ्यावी लागत नाही. रस्त्यावर फ्लोरिडात २००५ पासून ‘जागेवर ठाम राहा’ असा कायदा आहे, तर न्यू जर्सीत सुरक्षितपणे निघून जाता येत असेल तर निघून जायलाच हवं.

मुलगा एच-वन-बीवर न्यू जर्सीत आहे, सून अमेरिकन नागरिक. घरफोड्या वाढल्यात म्हणून पिस्तूल घ्यायचं म्हणतात. सगळेच घेतात ना तिथे? — पुणे

मुलाने पिस्तुलाला हातही लावू नये. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला, म्हणजे एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन, बी-टू या सगळ्यांना, बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे. २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षं, आणि ग्रीन कार्डाची वाट बंद होण्याची भीती वेगळीच. अपवाद मोजके, त्यातला मुख्य म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. शनिवारी मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलाने पाच गोळ्या झाडणंही ‘बाळगणं’च धरलं जातं, आणि हे पुष्कळांना फोटो टाकून झाल्यावर कळतं. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही.

सुनेला घेता येईल. न्यू जर्सीत त्यासाठी पोलिसांकडून ओळखपत्र आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळी खरेदी परवानगी लागते. पण ते ठेवायचं अशा तिजोरीत, जिचा आकडा फक्त तिलाच ठाऊक आहे. दोघांच्या पलंगाशेजारच्या खणात ठेवलं तर ताबा मुलाचाही धरला जाऊ शकतो.

महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा आहे: ‘बंदुका कमी, गुन्हे कमी’. बाजू मांडायला आकडे द्या. — कोल्हापूर

आकडे देतो, पण समोरचा कुठे पकडेल तेही सांगतो.

ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे ३५ माणसं मारली गेली. काही आठवड्यांत सगळ्या राज्यांनी एकच करार मान्य केला: अर्धस्वयंचलित, म्हणजे दर गोळीनंतर आपोआप भरणाऱ्या, रायफली आणि शॉटगनवर बंदी, खरेदीपूर्वी २८ दिवस थांबणं, आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेऊन नष्ट करणं. तिथे स्वसंरक्षण हे परवान्याचं वैध कारणच नाही. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. १९९७ मध्ये पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली. जपानमध्ये लेखी परीक्षा, डॉक्टरचा दाखला, घरी पोलीस तपासणी. रायफल हवी तर आधी १० वर्षं शॉटगन बाळगलेली हवी. तरी जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंजो आबे यांचा खून घरी बनवलेल्या बंदुकीने झाला, हे समोरचा नक्की काढेल. त्याला सांगा, हत्यार घरी जोडावं लागलं ते दुकानात मिळत नव्हतं म्हणूनच.

अमेरिकेचा आकडा सगळे चुकीचा वापरतात. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, पण त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, खून २०,९५८. निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असताना सगळे ‘गुन्हे’ म्हणून मांडले तर परीक्षक तिथेच गुण कापतील. स्वित्झर्लंडचं उदाहरणही अर्धवट फिरतं. शिपायाची रायफल घरी असते हे खरं, पण २००७ पासून लष्करी काडतुसं सरसकट घरी दिली जात नाहीत, आणि भरलेलं हत्यार घेऊन रस्त्यावर फिरायला वेगळा, दुर्मीळ परवाना लागतो.

भारताची बाजू मांडताना परवान्यांच्या संख्येवर जाऊ नका. आपल्याकडे गुन्ह्यात सापडतं ते बहुधा गावठी पिस्तूल, जे कुठल्याच नोंदवहीत नसतं. पुण्या-मुंबईत पकडला जाणारा माल सातपुड्याच्या पलीकडून जळगाव-धुळ्याच्या वाटेने आल्याच्या बातम्या वरचेवर वाचतोच. कडक परवाना पद्धत त्या वाटेवर लागूच पडत नाही, आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्याचा सगळ्यात दमदार मुद्दा हाच असेल.

वाढदिवसाला तलवारीने केक कापला तर एवढा गुन्हा का? आणि कोयता तर शेतकऱ्याच्या घरोघरी असतो. — पिंपरी

९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार शस्त्र नियमांच्या यादीत येतं. पोलीस शस्त्र अधिनियमाचं कलम ४ व २५ लावतात, जोडीला जमावबंदी काळात हत्यार बाळगल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आणि १३५. पुरावा तुम्हीच रीलमध्ये दिलेला असतो. केवळ शेतीसाठी किंवा घरकामासाठी बनवलेली वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळली आहे, म्हणून उसाच्या फडातला कोयता शस्त्र नाही. तोच रात्री अकराला दुचाकीच्या सीटखाली, चौकात, चार पोरांसोबत सापडला तर उसाचं नाव सांगून सुटका होत नाही.

विमानतळावर भाच्याच्या बॅगेत एक जिवंत काडतूस निघालं. बॅग त्याच्या निवृत्त फौजी काकांची होती. आता? — सातारा

सुरक्षा दल बॅग पोलिसांच्या ताब्यात देतं, विमान चुकतं, गुन्हा नोंदला जातो. मुद्दा एकच: काडतूस असल्याची त्याला जाणीव होती का. नकळत ताबा हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ आणि १९९४ च्या निकालांत स्पष्ट केलं आहे. एकटं काडतूस, बंदूक नाही, पूर्वीचा गुन्हा नाही, अशा प्रकरणांत उच्च न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करून मागता येतो. काकांचं शपथपत्र आणि असल्यास त्यांच्या शस्त्र परवान्याची प्रत लगेच तयार ठेवा. यापुढे उसनी बॅग अस्तराच्या आतल्या कप्प्यापर्यंत उलटी करून झटकायची. आठवण म्हणून ठेवलेली रिकामी पुंगळीही एक्स-रेत तशीच दिसते.

मुलगी शिकायला आधी लंडन, मग मेलबर्नला जाणार. सोबत पेपर स्प्रे देऊ का? — ठाणे

देऊ नका. ब्रिटनमध्ये पेपर स्प्रे १९६८ च्या बंदूक कायद्याच्या कलम ५ खाली प्रतिबंधित शस्त्र आहे, कायद्याच्या लेखी पिस्तुलाच्याच रांगेत. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथेही बंदी, सिंगापुरातही बंदी. न्यू जर्सीत १८ वर्षांवरच्या व्यक्तीला पाऊण औंसापर्यंत चालतो. आणि विमानात तो हातातल्या किंवा चेक-इन, कुठल्याच सामानात नेता येत नाही. लंडनमध्ये तिने कर्कश गजर वाजणारं छोटं यंत्र किल्लीला लावावं, त्याला कुठेही हरकत नाही.

भारतात स्प्रेला परवाना लागत नाही, म्हणून जाईपर्यंत वापरायचा असेल तर नीट शिकवा. पर्समध्ये तळाला पडलेला स्प्रे उपयोगाचा नाही. तो हातात किंवा बाहेरच्या कप्प्यात हवा. अंतर दोन ते तीन मीटर, नेम डोळ्यांवर, एक-दोन सेकंदांचा फवारा, आणि लगेच बाजूला होऊन पळायचं. परिणाम बघत उभं राहायचं नाही. वारा समोरून असेल तर निम्मा आपल्याच तोंडावर येतो. लिफ्ट आणि रिक्षात तर दोघांनाही लागतो, तिथे दार उघडं होताक्षणी वापरायचा. डब्यावरची मुदत तपासा, कारण आतला दाब कमी झाला की फवारा पायाशीच पडतो. विकत घेतल्यावर एकदा मोकळ्यावर, वाऱ्याकडे पाठ करून अर्धा सेकंद मारून बघावा. स्वतःच्या डोळ्यांत गेला तर चोळायचं नाही, लेन्स असतील तर काढून टाकायच्या आणि वाहत्या गार पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळे उघडझाप करायचे. तेल किंवा साय लावू नये, त्याने मिरचीचा अर्क कातडीवर पसरतो.